पातोळीवर मेणबत्ती उभी राहत नाही

मुलांच्या वाढदिवसाबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी इतक्या वेळा बोलून दाखवलंय की मैत्रिणी आता मला आमंत्रण देतानाच सांगतात "तू काही बोलू नकोस हां". मत असं की घरात आजारपण असेल, हातात पैसे नसतील, बाहेर धो धो पाऊस आणि सकाळपासून लाईट गेलेली असेल, तरीही जे होतंच ते वाढदिवसाची परंपरा. बाकी सगळं फंक्शन. फंक्शन वाईट असं नाही, मी पण जाते, पोरं पण उड्या मारून येतात त्या हवा भरलेल्या किल्ल्यावर, पण हॉल, डीजे, थीमचा बॅकड्रॉप, रिटर्न गिफ्ट हे सगळं एखाद्या वर्षी जमलं नाही की लगेच "यंदा काहीच केलं नाही" असं होतं, आणि मुलाला ते कळतं. म्हणून आमच्याकडे जे काय आहे ते मुद्दाम इतकं लहान ठेवलंय की चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही.

आता थोडं सविस्तर, कारण गेल्या आठवड्यात एकीने विचारलं की तुम्ही नक्की करता काय.

आम्ही गोव्यात फोंड्याच्या बाजूला राहतो, नवरा बोटीवर असतो (मर्चंट नेव्ही, सहा-सहा नऊ-नऊ महिने घराबाहेर), घरात सासू-सासरे, मी आणि दोन मुलं. मोठी बाय, धाकटा बाब. बायचा जन्म ७ ऑगस्ट २०१६ चा, आणि त्या दिवशी नागपंचमी होती. त्यामुळे तिचे जन्मल्यापासून दोन वाढदिवस, एक तारखेने आणि एक तिथीने, आणि तिथीचा तर कधी विसरायलाच होत नाही कारण अख्खा गाव तो सण करत असतो.

गंमत अशी की नागपंचमी म्हणजे आमच्याकडे पातोळ्यांचा दिवस, हळदीच्या पानात वाफवलेल्या त्या गोड पातोळ्या. आणि पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जे काही ते उकडून. बायच्या पहिल्या की दुसऱ्या वाढदिवसाला कोणीतरी हौसेने तिथीच्या दिवशीच केक घेऊन आलं तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "पंचमेदिसा कोण सुरी घेता गो?" झालं, केक फ्रिजमध्ये गेला आणि पोरीपुढे पातोळी आली. मेणबत्ती लावायचा प्रयत्न भाऊजींनी केला होता, पण ती वाफाळणारी मऊ पातोळी, त्यात मेणबत्ती कशी उभी राहणार, कलंडली. तेव्हापासून तिथीला पातोळ्या, औक्षण, नो सुरी नो मेणबत्ती, आणि तारखेला छोटासा केक. हे कोणी बसून ठरवलं नाही, पंचांगानेच ठरवून टाकलं.

आणि मेणबत्ती नाही त्याचं मला फारसं वाईट पण वाटत नाही. ज्यांच्या घरात दिवा विझवणं अशुभ मानतात त्यांच्याकडे दिवा लावून वाढदिवस करायचा की विझवून हा वाद दरवर्षी होतो, तो आमच्याकडे झालाच नाही. शिवाय २०१७ साली अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, आयसिंगवर मेणबत्त्या लावून लोकांना फुंकायला लावल्या आणि मग जंतू मोजले, तर न फुंकलेल्या आयसिंगपेक्षा सरासरी चौदा-पंधरा पट जास्त निघाले. हे मी तारखेच्या केकच्या वेळी मुद्दाम सांगत नाही हां, धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही असंच ते संशोधक पण म्हणाले. पण ज्या पार्टीत वाढदिवसवाल्याला शेंबूड आहे आणि फुंकर तीनदा मारावी लागली आहे तिथे मी "नको, डायट चालू आहे" म्हणते.

तर पातोळ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हळदीच्या पानावर वाटलेल्या तांदळाचं पीठ बोटांनी पातळ पसरायचं, त्यावर चून म्हणजे खोबरं आणि गुळाचं सारण, वेलची घालून, मग पान उभं दुमडायचं आणि वाफवायचं. गूळ माडाचा काळा मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा. तांदूळ आधी भिजत घालायचे, वाटण दाट हवं, पातळ झालं की पानावरून ओघळतं. पण मला रेसिपी सांगायची नाहीये, मला सांगायचंय काम कोणाचं ते. आमच्याकडे वाढदिवसाच्या पातोळ्या वाढदिवसवालीच करते. म्हणजे तीन वर्षांची होती तेव्हा फक्त पानं पुसायची, ओल्या फडक्याने, उलटी सुलटी, आणि निम्मी फाडायची. मग चून भरायला बसली, त्यातलं अर्धं तोंडात. मग पीठ पसरायला, जाड थापटायची, चपातीएवढं. २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला होती आणि तेव्हा पहिल्यांदा आदोळीवर (म्हणजे विळीवर) बसून नारळ खवला, आदल्या रात्री, कारण पंचमीला पातं वापरायचं नाही. सासूबाई बाजूला पाट टाकून बसल्या होत्या आणि दर मिनिटाला "बोट सांभाळ" चालू होतं. दरवर्षी एक काम वरचं मिळतं, म्हणजे बढतीच. आणि त्याचा तिला केकपेक्षा जास्त तोरा आहे हे मी स्वतः बघितलंय, शाळेतल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "माझं प्रमोशन झालं".

मुलांच्या वाढदिवसात मुलं नुसती पाहुणी असतात हे मला कधीच झेपलं नाही. नटवून खुर्चीत बसवायचं, सगळे मोठे उभे, फोटो काढणार, मूल रडकुंडीला आलेलं. त्यापेक्षा त्याला यजमान करा की. पाच वर्षांच्या पोराला पण पाहुण्यांना पाणी देता येतं, दहा वर्षांची मेनू ठरवू शकते.

हळदीची पानं परसातली असतात. २०२० साली नागपंचमी २५ जुलैला आली होती, करोनाचे दिवस, कोणाकडे जायचं नाही कोणी यायचं नाही, नवरा बोटीवरच अडकलेला, बदली माणूसच पोचत नव्हता त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट संपून पण उतरता येत नव्हतं, जगभर लाखो खलाशांचं तसंच झालं होतं. बाय चार वर्षांची. पण परसात पानं होती, तांदूळ घरात होते, नारळ तर काय. वाढदिवस झाला. सुरुवातीला जे म्हटलं ना मी, ते मत तिथून पक्कं झालं बहुतेक.

पंचमी पुढे-मागे होते त्याचा पोरांना भारी आनंद. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे दरवर्षी तिथी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि मग अधिक मास पडला की एकदम पुढे उडी मारते. बायची पंचमी २०१८ मध्ये १५ ऑगस्टला आली, २०२२ मध्ये २ ऑगस्टला, २०२३ मध्ये अधिक श्रावण आला म्हणून थेट २१ ऑगस्टला. म्हणजे कधी तिथी आधी कधी तारीख आधी. २०१८ ची तर धमालच, १५ ऑगस्टला आमच्या ख्रिश्चन शेजाऱ्यांचं पण फेस्त असतं, सायबिणीचं म्हणजे मेरीमातेचं, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे पण पातोळ्याच. तर आंटीकडून डबा आला, आमच्याकडून डबा गेला, दोन्हीत पातोळ्या. त्यांच्या उकड्या तांदळाच्या, आमच्या सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळाच्या. बायला वाटलं सगळ्या गावाने तिच्यासाठी केल्या, झेंडावंदन पण तिच्यासाठीच.

औक्षणाचं फार सांगत नाही, ते सगळ्यांकडे असतं. ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. आमच्याकडे एकच जादा, औक्षण झालं की वाटीभर दूध द्यायचं, त्यात तीळ आणि गूळ. हे सासऱ्यांनी आणलं, त्यांच्या लहानपणी होतं म्हणे. शास्त्रात वाढदिवसाला मार्कंडेय आणि सात चिरंजीवांचं स्मरण सांगितलंय आणि त्यातच हे तीळगुळाचं दूध येतं. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम. परशुराम आला की सासरे थांबतात आणि "हा आपला" म्हणतात, कारण गोव्याची जमीन त्याने बाण मारून समुद्रातून काढली ही गोष्ट इथे प्रत्येक पोराला पाठ असते. मग बाबचे प्रश्न. अश्वत्थामा तर वाईट होता ना मग त्याचं नाव कशाला. बिभीषण अजून जिवंत असेल तर कुठे राहतो. त्याला व्हिसा लागतो का. दूध थंड होतं पण हा भाग चुकत नाही. (दुधात गूळ उकळताना घालू नका, फाटतं. खाली उतरवून कोमट झाल्यावर.)

पंचमीच्या दिवसात म्हार्दोळची जायो म्हणजे जाईची फुलं मिळतात, त्यांची एक फाती (गजरा) बायच्या केसात. बाबला काही नाही, तो कुरकुरतो, मग त्याला एक फूल कानावर.

बाबचं वेगळंच. त्याचा वाढदिवस १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन. सुट्टी! त्यामुळे सगळे घरी. हा एक फायदा आयुष्यभराचा. त्याची जन्मकथा सांगायची असते दरवर्षी, म्हणजे तू झालास तेव्हा काय झालं, कोण हॉस्पिटलला धावलं, कोणी आधी उचललं, नाव काय ठेवणार होतो, ते सगळं, ही आमची दुसरी पक्की रीत, दोन्ही मुलांची जन्मकथा त्यांच्या त्यांच्या वाढदिवसाला जेवणं झाल्यावर सांगायची. पण बाबची गोष्ट सुरू झाली की पाचव्या मिनिटाला आजोबा १९६१ वर जातात. सासरे तेव्हा लहान होते, शाळकरी. पोर्तुगीजांनी माघार घेताना बोरीचा पूल उडवला, बाणस्तारीचा उडवला, आवाज कसा आला, लोक कसे रस्त्यावर आले, मिलिटरीच्या गाड्या कशा बघितल्या. मग बाब ओरडतो, "आजोबा माझा वाढदिवस आहे, भारताचा नाही". मग परत बांबोळीच्या हॉस्पिटलवर येतो आम्ही. दोन्ही गोष्टी आता एकमेकांत अशा मिसळल्यात की त्याने शाळेत सांगितलं की मी झालो तेव्हा पूल उडाला.

जन्मकथा सांगा तुमच्या मुलांना, खरंच. एक रुपया लागत नाही. आणि मुलं चुका पकडतात, गेल्या वर्षी मावशी रिक्षाने आली होती यंदा मोटारसायकलवर कशी आली. प्रत्येकाने आपापला भाग सांगायचा, सासूबाईंचा वेगळा, माझा वेगळा, नवरा असेल तर त्याचा. नवऱ्याने बायचा जन्म बोटीवरून फोनवर ऐकला होता, त्याचा भाग म्हणजे फक्त फोनची खरखर आणि "हॅलो हॅलो", तो पण तो दरवर्षी करून दाखवतो आणि तोच सगळ्यात हिट आहे.

नवऱ्यावरून आठवलं. ज्यांच्या घरातला माणूस बोटीवर किंवा गल्फमध्ये आहे, आणि गोव्यात अशी घरं काय कमी आहेत, त्यांना हा प्रश्न असतोच की बापाविना वाढदिवस. आम्ही काय करतो, तो ज्या बंदरात असेल तिथून पोस्टकार्ड टाकतो. रॉटरडॅम, सिंगापूर, ब्राझीलचं सांतोस, जे असेल ते. व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी बोलणं होतंच, पण कार्ड तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी येतं. आणि कार्ड आलं की त्या दिवशी संध्याकाळी परत थोडं गोडधोड, शिरा नाहीतर सांजणं, आणि कार्ड वाचन. म्हणजे तिसरा वाढदिवस. पोस्टमन आमच्या घरी हिरो आहे. बाय एकदा म्हणाली होती, बाबा घरी असला की दोनच वाढदिवस होतात. नवऱ्याला ते ऐकून हसू का रडू झालं, आता तो घरी असला तरी पणजीला जाऊन हेड पोस्टातून कार्ड टाकतो.

सकाळची गोष्ट राहिलीच. पदेर म्हणजे पाववाला येतो ना सायकलवर पों पों करत, वाढदिवसाच्या दिवशी त्याला थांबवायचा हक्क वाढदिवसवाल्याचा. पैसे हातात, पिशवी हातात, किती उंडे किती पोळ्या किती कातरे (सगळे पावाचेच प्रकार) हे त्याने ठरवायचं. बाब काकणं घेतो, ती कडक गोल असतात ना बांगडीसारखी, आणि दिवसभर मनगटात घालून फिरतो, संध्याकाळी चहात बुडवून खातो, मळकी. नाश्त्याला पातळभाजी-पाव आणि मिरची भजी हे बाबचं ठरलेलं, बायला भजी पंचमीला मिळत नाहीत (तळायचं नाही!), म्हणून ती तारखेच्या दिवशी वसूल करते.

या हक्काचंच पुढे आम्ही वाढवलं. दर वाढदिवसाला एक नवा हक्क आणि एक नवं काम. दोन्ही बरोबर, एकटा हक्क नाही. सहाव्याला पदेराचे पैसे सांभाळायचे रोज, आणि त्याबदल्यात रात्री अर्धा तास उशिरा झोपायचं. आठव्याला कोपऱ्यावरच्या दुकानात एकटं जायचं आणि तुळशीला पाणी घालायचं काम. मुलं पुढच्या वर्षीच्या हक्काची बोलणी सहा महिने आधी सुरू करतात, वकील परवडले. मोबाईल कितव्या वाढदिवसाला यावर सध्या घरात संप चालू आहे, त्यावर मी इथे काही लिहिणार नाही.

उंची मोजतो, सगळेच मोजतात. फक्त दोन गोष्टी. एक, सकाळीच मोजा, कारण दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दाबल्या जाऊन संध्याकाळपर्यंत माणूस साधारण सेंटिमीटरभर आखूड होतो, मग एका वर्षी सकाळी आणि पुढच्या वर्षी रात्री मोजलं की "वाढलाच नाही" म्हणून घरात काळजी. शाळकरी वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ असते, त्यात एकाचा फरक म्हणजे मोठा. दोन, भिंतीवर किंवा चौकटीवर खुणा करू नका, गणेशचवथीआधी घरं रंगवतात इथे, आणि रंगारी काय विचारणार आहे तुम्हाला. आम्ही सुताराकडून फणसाच्या लाकडाची एक पट्टी करून घेतली, साडेसहा फुटी, ती बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) उभी असते आणि रंगकामाला आत जाते. घर बदललं तरी बरोबर येईल.

कागदाचं मात्र गोव्यात कठीण. आम्ही त्या दिवशीचा मराठी पेपर ठेवतो, पहिलं पान. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो छापतात ना आतल्या पानावर, ते नाही, आम्ही कधी छापले नाहीत, पहिलं पानच, त्या दिवशी जगात काय चाललं होतं ते. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागेत पेपर ठेवणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल, बुरशी, कसर, वाळवी. पेपर तसाही पिवळा पडतोच, त्या कागदातल्या लिग्निनमुळे, ऊन लागलं तर आठवड्यात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या (बुटांच्या खोक्यातल्या साठवा), अंधारात, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एक दिवस सावलीत पसरून ठेवायचं. फोटोंचे पण प्रिंट काढा, फोन पडतो, हरवतो.

आणि एक मुलाखत असते, फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करायचा, व्हिडिओ नाही, व्हिडिओत पोरं कॅमेऱ्याकडे बघून वेडंवाकडं करतात. प्रश्न दरवर्षी तेच. सगळ्यात आवडता माणूस कोण, कशाची भीती वाटते, मोठेपणी कोण होणार, आई दिवसभर काय करते, बाबा बोटीवर काय करतो. बाबने चौथ्या वाढदिवसाला सांगितलंय की बाबा समुद्रात पाणी घालायला जातो. आई दिवसभर काय करते याचं उत्तर दोघांचं तीन-चार वर्षं "ओरडते" असं होतं, आता "ओरडते आणि लॅपटॉप" असं आहे, प्रगती आहे.

शेजारच्या आंटीकडून एक उचललंय. त्यांच्याकडे वाढदिवस म्हणजे आधी प्रार्थना, मग कोणीतरी उठून टोस्ट रेज करतो, हातात ग्लास, चार वाक्यं बोलायची, सगळे ग्लास उचलतात. मला ते फार आवडायचं, कारण आमच्याकडे सगळे "हॅपी बर्थडे" गातात आणि थेट जेवायला बसतात, त्या मुलाबद्दल कोणी बोलतच नाही. तर तारखेच्या केकच्या आधी आमच्याकडे कोकम सरबताचा टोस्ट. प्रत्येकाने एक वाक्य, गेल्या वर्षभरात या मुलाने केलेली एक गोष्ट जी तुम्हाला आवडली. "हुशार आहे, गोड आहे" चालत नाही, घडलेलंच हवं. काकाने सांगितलं होतं, मी पाय मुरगळून बसलो होतो तेव्हा ही रोज येऊन मला पेपर वाचून दाखवायची आणि फक्त क्रीडा पान वाचायची कारण तिला तेच आवडतं. सासरे दरवेळी भाषण लांबवतात, घंटा वाजवावी लागते. आणि भावंडाने पण बोलायचं, हे सक्तीचं. बाबने एकदा बायबद्दल पाच मिनिटं विचार करून सांगितलं, "हिने मला एकदा मारलं नव्हतं".

माडाचं रोप लावायचं पण होतं मनात, मुलाच्या नावाने माड, जुन्या घरांत असायचे तसे. जून-जुलैत पाऊस लागला की लावायचा, बाणवली जातीचा मिळाला तर बरं, उंच जातीला फळ धरायला सहा-सात वर्षं तरी लागतात, दोन माडांत पंचवीस फूट अंतर. बायचा लावला, बाबचा राहिलाय कारण डिसेंबरात लावून रोज पाणी कोण घालणार, आता त्याचाही पुढच्या पावसात लावू, तारीख जुळली नाही तर नाही. सासऱ्यांचा यावर ठरलेला विनोद आहे, २०१६ साली सरकारने कायद्यातून माड झाड म्हणून काढून टाकला होता, २०१७ मध्ये परत झाड केला, तर बायचा जन्म झाला त्या वर्षी माड झाडच नव्हता, म्हणून तो तिच्यासारखाच कोणाचं ऐकत नाही.

जे नको ते पण लिहिते पटकन. तो फोम स्प्रे. त्यातला गॅस पेट घेतो, आणि पोरं पेटत्या मेणबत्तीसमोर तो एकमेकांच्या केसांवर मारतात, कोणाच्या घरी दिसला तर मी सरळ उचलून बाहेर ठेवते, वाईटपणा गेला खड्ड्यात. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला, रांगणारं बाळ असेल तर तोंडात घालतं आणि ते घशात चिकटून बसतं. आणि ते वाढदिवसाला लाथा मारायचं जे मोठ्या पोरांत चालतं ते बाबच्या कानावर पण पडू द्यायचं नाही असं ठरवलंय. रिटर्न गिफ्ट मी देत नाही, पाहुण्यांच्या पोरांना जाताना दोन-दोन पातोळ्या पानासकट. एका आईने विचारलं होतं हे पान खायचं की काढायचं. काढायचं.

सगळं एकदम सुरू करू नका एवढंच म्हणेन, आमच्याकडे पण हे एकेक करून चिकटत गेलंय, काही गळून पण गेलं. खजिना शोधायचा खेळ केला होता दोन वर्षं, चिठ्ठ्या लपवायच्या, तो गेला, कारण चिठ्ठ्या लिहायला मला वेळ नव्हता आणि पावसात बाहेर लपवता येत नव्हत्या. कोणी विचारलं पण नाही. पण पदेराचं एकदा विसरलं तर दोघं रुसून बसतील.

आता सध्याचा वाद सांगते. आजोबांनी बायला पंचांग बघायला शिकवलंय, आणि त्यांनी सांगितलं की १९ वर्षांत ७ अधिक मास येतात आणि मग तिथी आणि तारीख परत जवळजवळ एकत्र येतात, एखादा दिवस इकडे-तिकडे. म्हणजे २०३५. बाय एकोणीस वर्षांची, आणि नागपंचमी पुन्हा ७ ऑगस्टच्या आसपास. आम्हाला वाटलं खूश होईल. तिने हिशोब केला आणि तोंड पाडलं, म्हणजे त्या वर्षी एकच वाढदिवस? आणि पंचमी आली म्हणजे सुरी नाही, केक नाही, भजी पण नाही? आजोबा म्हणाले, बघू, पंचमी आठ तारखेला गेली तर सातला केक कापता येईल. ती म्हणते लिहून द्या. त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून सही पण केली. बाब म्हणतो त्यावर माझी पण सही पाहिजे, मी साक्षीदार, आणि साक्षीदाराला केकचा कोपरा मिळतो.